सोनारानेच कान टोचावे, पण आजचा सोनार कोण?

परीक्षा संपली की कॉलेजात दोन गोष्टी हमखास घडतात. एक, गोव्याचा प्लॅन ठरतो आणि फिसकटतो. दोन, ग्रुपमधलं कुणीतरी कान टोचून येतं. खालची पाळी नव्हे, ती तर आपल्यापैकी बहुतेकींची बारशाच्या आसपासच टोचलेली असते. वरचा कान. कडेची ती कडक, वळलेली पट्टी. हेलिक्स म्हणतात त्याला. मग ट्रॅगस, काँच, डेथ अशी पुढची यादी असते आणि एक भोक पाडून थांबणारे फार थोडे असतात.

घरी मात्र या जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या भोकावरून महाभारत होतं. ‘हे काय नवीन खूळ?’ ‘आपल्यात असं करतात का?’ ‘इंटरव्ह्यूला असाच जाणार आहेस?’ आणि सगळ्यांत शेवटी, ‘लोक काय म्हणतील.’ समोरून उत्तरं ठरलेली: माझा कान, माझं शरीर, माझा पॉकेटमनी. दोन्ही बाजू दमल्या की विषय संपतो. संपतो म्हणजे काय, तर पुढच्या आठवड्यात मुलगी गुपचूप जाऊन टोचून येते आणि केस मोकळे सोडून हिंडते.

आज लिहायचंय ते या गुपचूपपणाबद्दल. भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय आणि त्याची किंमत कान देतोय.

आधी ते ‘आपल्यात असं करतात का’ निकालात काढू. करतात. आजीला विचारा बुगडी कुठे घालायची असते ते. पाळीत कुडी, आणि वरच्या कडेला बुगडी. म्हणजे तुम्ही ज्याला हेलिक्स म्हणता ते भोक तुमच्या पणजीच्या कानात होतं, आणि त्यात मोत्यांचा झुबका होता. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधली बुगडी हरवल्याची लावणी आजही प्रत्येक गॅदरिंगला वाजते. त्यावर नाचणाऱ्या किती जणींना ती बुगडी कानाच्या कुठल्या भागातून पडली हे ठाऊक असतं, देव जाणे. आणि मुलांनो, तुम्हीही. भिकबाळी पुरुषांचीच, उजव्या कानाच्या वरच्या भागात घालायची. ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ मध्ये आला आणि पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत भिकबाळीची लाटच आली. त्यातल्या पुष्कळ दाबाच्या असतात, मिरवणूक संपली की काढून खिशात. पण मूळ भिकबाळी भोक पाडूनच घालायची. तेव्हा ‘मुलगा असून कान टोचतोस?’ असं विचारणाऱ्या काकांना पेशवाईतली चित्रं दाखवा.

कर्णवेध हा तर सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा एक आख्खा अध्याय कान टोचणं आणि फाटलेली पाळी पुन्हा जोडणं यावर आहे. मुलाचा आधी उजवा कान टोचावा, मुलीचा डावा. उन्हाकडे धरून पाळीतली पातळ जागा शोधावी, असं त्यात सांगितलंय. पण मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या जागी टोचलं तर ताप, दाह आणि सूज येते. वाकड्या किंवा वाईट सुईने टोचलं तर कान सुजून ठणकतो, अशी स्पष्ट ताकीद तिथे आहे. थोडक्यात, कान टोचावा की नाही यावर आपल्या परंपरेचं फारसं काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं होतं सुईबद्दल. आणि टोचणाऱ्याबद्दल. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण उगाच आलेली नाही. ज्याचं काम त्यानेच करावं, हा तिचा अर्थ आपण शाळेत वाक्यात उपयोग करून पाठ केला आणि खुद्द कान टोचायची वेळ आली तेव्हा विसरलो.

मीही विसरले होते.

सेकंड इयरला असतानाची गोष्ट. बाजारातलं एक दुकान. पुढे हेअरबँड आणि क्लचर, आत एक स्टूल. मुलीने एका बाटलीतून कानावर काहीतरी फवारलं, कापसाने पुसलं, गन लावली. ठक्. आरशात पाहिलं तर चमकता खडा. पाच मिनिटांचं काम. दोन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी कान गरम लागायला लागला. पाचव्या दिवशी त्या कुशीवर झोपता येईना. एरवी रोज वेणी घालणारी मी केस सोडून फिरू लागले. स्कूटरवर जाताना स्कार्फ तर असतोच, त्यामुळे बाहेरचा प्रश्न मिटला होता. मैत्रिणीच्या पर्समध्ये घशाच्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. काही उपयोग झाला नाही.

आठव्या दिवशी रविवार होता. रविवारी आजी डोक्याला तेल लावते, ते टाळणं अशक्य. तिने केस मागे घेतले आणि तिचा हात थांबला.

“अगं, हा कान असा पुढे का आलाय?”

आई स्वयंपाकघरातून आली. तिचं पहिलं वाक्य होतं, “कुणाला विचारून केलंस?” आजीचं पहिलं वाक्य होतं, “आधी तिला डॉक्टरकडे ने. भांडायचं ते मागनं भांडा.”

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी छेद देऊन पू काढला, घट्ट पट्टी बांधली, औषधं बरेच दिवस चालली. कान वाचला. वरच्या कडेला एक खळगा राहिला तो राहिलाच. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “चार दिवस आधी का नाही आलात?” याचं खरं उत्तर ‘आईला कळलं असतं म्हणून’ असं होतं, आणि आई शेजारीच बसली होती.

आता चार दिवसांनी काय एवढं बिघडतं, ते समजून घेऊ. पाळी म्हणजे त्वचा आणि चरबी. रक्तपुरवठा भरपूर. म्हणून पाळीचं भोक सहा ते आठ आठवड्यांत बरं होतं, आणि लहानपणी सोनाराने तारेने टोचून हळद-तेल लावलं तरी बहुतेकांचं निभावून गेलं. वरच्या कानात आत कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, आणि त्या आवरणाकडून झिरपत येईल तेवढ्यावर ती जगते. त्यामुळे जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. आणि जंतू आत शिरले तर त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तपेशी आणि पोटात घेतलेलं औषध तिथवर पोचायलाही उशीर होतो. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला की कूर्चेचा डबाच तुटतो. ती मरते. मेलेली कूर्चा परत येत नाही. तिच्या जागी वेडीवाकडी गाठ येते किंवा कान आक्रसतो.

हे कसं दिसतं ते पाहायचं असेल तर कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत जा. जुन्या पैलवानांचे कान पाहा. कुस्तीत कान घासून, दाबून आत रक्त साचतं, आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कान मोडतो. पैलवानाला तो कान मिरवता येतो, त्याने कमावलेला असतो. आपण शे-दोनशे रुपयांच्या खड्यासाठी तो घेऊन यावा का, एवढाच प्रश्न आहे.

कानाच्या कूर्चेत हा उपद्व्याप करणारा नेहमीचा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. ओलसर जागी राहणारा, सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी सुखाने नांदणारा. घशासाठी जी अँटिबायोटिक्स सर्रास दिली जातात त्यातल्या अनेकांना तो दाद देत नाही. माझ्या चार गोळ्या वाया का गेल्या ते मला नंतर कळलं. अमेरिकेत ऑरेगन राज्यात २००० साली दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर टोचून घेतलेल्यांना लागोपाठ हाच संसर्ग झाला, तेव्हा आरोग्य खात्याने माग काढला. ११८ जणांची १८६ भोकं तपासली. सात जणांत जंतू नक्की सापडला, आणखी १८ जणांत संशय. ते सातही जण १० ते १९ वर्षांचे होते. चौघांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, काहींचे कान कायमचे विद्रूप झाले. पाळीपेक्षा वरच्या कानाला संसर्ग होण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि जंतू सापडला कुठे? तिथल्या कामाच्या सिंकमध्ये आणि जंतुनाशकाच्या बाटलीत. टोचण्याआधी जी ‘स्वच्छतेसाठी’ फवारतात, तिच्यातच.

हे वाचलं तेव्हा मला ती माझ्या कानावर फवारलेली बाटली आठवली. तिच्यात काय होतं, कधी भरली होती, कुणी विचारलं होतं? माझं सगळं लक्ष खड्याच्या रंगाकडे होतं.

आता गनबद्दल. इन्स्टावर तुम्हाला सांगितलं जाईल की गनने कूर्चेचा चुरा होतो आणि सुईने अलगद भोक पडतं. हे जरा जपून घ्या. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मृत व्यक्तींच्या कानांवर गन आणि सुई दोन्ही वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कूर्चेच्या इजेत फारसा फरक आढळला नाही. तेव्हा ‘चुरा’ हा मुद्दा सोडून देऊ. तरीही वरच्या कानाला गन नकोच, असं माझं मत आहे. कारणं साधी आहेत. गनचा सांगाडा बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा असतो, तो ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच म्हणा ना. १२१ अंशांच्या वाफेत, दाबाखाली, पंधराएक मिनिटं. त्यातून जंतूंचे बीजाणूही वाचत नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरवून ते काम होत नाही. दुसरं, गनमधला खडा ठरावीक लांबीचा. कान सुजला की पुढचा खडा आणि मागचं फुलपाखरू यांच्यामध्ये तो आवळला जातो, आणि त्या फुलपाखराच्या पाकळ्यांत घाण साचते ती वेगळीच. तिसरं म्हणजे माणूस. गन चालवायला शिकायला अर्धा तास पुरतो, म्हणून ती चालवणाऱ्याला कान कळतो असं नाही. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स या संघटनेचाही गनला विरोध आहे. ते सुईवालेच आहेत, त्यामुळे त्यांचं मत थोडं वजा करून घ्या, पण ऑटोक्लेव्हचा मुद्दा काही वजा होत नाही.

मग आजचा सोनार कोण? आपल्याकडे ‘पिअर्सिंग’ अशी पाटी लावायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे पाटी पाहून काही ठरत नाही. चकचकीत स्टुडिओ आहे, भिंतीवर कवट्या आहेत, पिअर्सरच्या स्वतःच्या भुवईत तीन रिंगा आहेत, यानेही नाही. परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागेल. सुई नवी, पोकळ, एकदाच वापरायची आणि तिचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असायला हवं. दागिनासुद्धा निर्जंतुक केलेला हवा. ट्रेमधून उचलून ‘हा घेऊ की तो’ असं बोटांनी चिवडलेला नको. हातमोजे घातल्यावर त्याच हाताने मोबाइल उचलला तर मोजे बदलायला सांगा. होय, तोंडावर सांगा. सुई वापरून झाल्यावर ती जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकतो की कचऱ्याच्या बादलीत, हेही बघा. कारण दूषित सुईतून हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात, आणि ज्याला बादली चालते त्याला जुनी सुईही चालत असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. जाण्याआधी धनुर्वाताचं आणि हेपटायटिस बी चं इंजेक्शन झालंय का ते लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्या. हे कार्ड नेहमी आईच्याच कपाटात असतं, हा आणखी एक मुद्दा गुपचूपपणाच्या विरोधात.

चांगला पिअर्सर तुम्हाला प्रश्न विचारतो. मधुमेह आहे का, रक्त लवकर थांबतं का, घरात कुणाला केलॉइड होतो का. केलॉइड म्हणजे जखमेवर उगवणारी जाड, वाढत जाणारी गाठ. कान ही तिची आवडती जागा आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तिचं प्रमाण जास्त. मावशीच्या पाळीमागे किंवा काकांच्या छातीवर तसली गाठ असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना भेटा. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर तो पालकांना घेऊन या म्हणेल. तो तसं म्हणाला की वैतागून दुसरीकडे जाऊ नका. तोच तुमचा सोनार. ‘चालतंय, बस’ म्हणणारा नव्हे. आणि एखादा ‘नाही, तुझ्या कानाच्या घडीत इंडस्ट्रियल बसणार नाही’ म्हणाला तर त्याच्या पाया पडा. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस आजकाल कुठे भेटतो?

धातूबद्दल थोडक्यात. पहिला दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा, म्हणजे ज्या प्रतीचं डॉक्टर हाडात बसवतात तसा. नाहीतर निकेल नसलेलं सोनं. फॅशन ज्वेलरीत निकेल असतं आणि कित्येकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. घड्याळाच्या बक्कलखाली खाज सुटणारे, तुम्ही त्यातले. सुरुवातीची दांडी मुद्दाम थोडी लांब घालतात, सुजेला जागा हवी म्हणून. सूज उतरली की महिन्या-दोन महिन्यांनी परत जाऊन आखूड दांडी घालून घ्यायची असते. हे बहुतेक जण विसरतात आणि मग लांब दांडी केसात, टॉवेलात अडकून वर्षभर जखम ओली राहते.

या सगळ्याला अर्थातच जास्त पैसे पडतात. शे-दोनशेच्या जागी हजारांत जातं. ‘एवढे नाहीत’ हे खरं असू शकतं, मीही होस्टेल आणि मेसची गणितं पाहिलीत. पण मग तीन महिने थांबा. कान कुठे जात नाही. ट्रेंड गेला तर जाऊ दे. जो तीन महिन्यांत जातो त्यासाठी वर्षभर जखम सांभाळायची का, हेही त्यातच कळून जाईल.

सांभाळण्याचं म्हणाल तर त्याला कौशल्य लागत नाही, हात आवरण्याचा संयम लागतो. मेडिकलमधून साधं निर्जंतुक सलाईन आणा, दिवसातून दोनदा हात धुऊन जखम त्याने ओली करा, मऊ झालेली खपली स्वच्छ गॉजने टिपा, कोरडं करा. संपलं. डेटॉल, स्पिरिट, टूथपेस्ट, कुणाच्या तरी मामीने सांगितलेला लेप, काही नको. हळदही डब्यातली असते, निर्जंतुक नसते. आणि तो दागिना फिरवत बसू नका. ‘फिरवला नाही तर चिकटतो’ हे पाळीच्या तारेच्या जमान्यातलं ज्ञान आहे. फिरवल्याने आत भरत आलेली त्वचा पुन्हा फाटते आणि बोटांवरची घाण आत जाते.

आपल्याकडच्या खऱ्या अडचणी मात्र कुठल्या परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या मुलींचा स्कार्फ. घाईत ओढून काढताना त्याचा धागा दांडीत अडकला की डोळ्यांसमोर तारे. हेल्मेट तर दोन्ही वेळा कानावरून घासत जातं. ते दोन्ही बाजूंनी फाकवून सरळ वर उचलायची सवय लावा, आणि आतलं अस्तर धुवा, ते किती महिने धुतलं नाही हे आठवून बघा. मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात चढताना टोचलेला कान आतल्या बाजूला, भिंतीकडे. कानावरचे मोठे हेडफोन काही महिने बंद, आत घालायचे इअरबड्सही ट्रॅगस टोचलं असेल तर बंद. झोपताना दुसरी कूस, नाहीतर प्रवासात गळ्याभोवती घालतो त्या गोल उशीच्या मधल्या पोकळीत कान ठेवून झोपायचं. हसू येतं, पण चालतं. जून-जुलैत टोचत असाल तर ओले केस कानावर रुळत ठेवू नका. वॉटरपार्क आणि धबधब्याखालचे फोटो यंदा दुसऱ्याचे काढा.

आणि परीक्षा. नीटच्या केंद्रावर कानात काहीही चालत नाही. दारातच काढायला लावतात. ताजं भोक काही तासांतही आकसू शकतं, मग पेपर देऊन आल्यावर तोच दागिना पुन्हा आत जात नाही आणि तुम्ही आरशासमोर जबरदस्ती करता. म्हणून ज्यांच्या अशा परीक्षा आहेत त्यांनी पेपर झाल्यावरच जा. एनएसएसच्या रक्तदान शिबिराचा फॉर्म भरतानाही नुकतं काही टोचलंय का, हे विचारतात. खरं सांगा आणि यंदा बिस्किटं वाटायच्या टेबलावर बसा. जाता जाता, डेथ टोचल्याने मायग्रेन बरा होतो असं कुणी सांगितलं तर त्याला ठोस पुरावा नाही. दिसायला आवडतं म्हणून टोचा, डोकेदुखीसाठी डॉक्टर आहेत.

बिघडतंय हे ओळखायचं कसं? पहिले काही दिवस थोडी सूज, थोडं दुखणं, पांढरट-पिवळसर द्रव सुकून खपली, हे चालायचंच. पण दुखणं कमी होत होत पुन्हा वाढू लागलं, कान लाल आणि गरम झाला, सूज वरच्या भागात पसरली आणि पाळी मात्र नेहमीसारखीच राहिली, कान डोक्यापासून सुटून पुढे आल्यासारखा दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. उद्या नाही. दागिना स्वतः उपटू नका. भोक वरून बंद होऊन पू आत अडकू शकतो. काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. उरलेल्या गोळ्या नकोत. आणि घरी सांगा. ओरडा खावा लागेल, खा. तो एका संध्याकाळचा असतो.

ही पुरवणी घरातली मोठी माणसंही चाळतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. आई-बाबा, तुम्हाला ते आवडत नसेल तर तसं सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि मुलांनाही ते ऐकू येतं, तसं दाखवत नसली तरी. पण ‘माझ्या घरात हे चालणार नाही’ म्हटलं की टोचणं थांबत नाही. ते फक्त स्वस्तातल्या दुकानात, संध्याकाळी साडेसहाला, घाईघाईत होतं, आणि सुजलेला कान तुम्हाला दाखवला जात नाही. माझ्या आईचा ‘कुणाला विचारून केलंस?’ हा प्रश्न चुकीचा नव्हता. ‘कुणाकडून करून घेतलंस?’ हा आधी यायला हवा होता, एवढंच.

गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण अठरा वर्षांची झाली आणि तिने हेलिक्सचा हट्ट धरला. मावशीने मला फोन केला, आवाजात काळजी होती. “तुझ्यासारखं झालं तर?” मी म्हटलं, तूच चल की. ती आली. मंडईत एक वांगं घ्यायला पाच वांगी उलटीपालटी करणारी बाई ती, त्या बिचाऱ्या पिअर्सरची काय कथा! पाकिटावरची तारीख वाचली. मशीन चालू करून दाखवा म्हणाली. त्यानेही न कंटाळता दाखवलं, आणि बहिणीला दोनदा सांगितलं की एप्रिलपर्यंत पोहायला जायचं नाही.

टोचून झाल्यावर मावशीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात आजीची बुगडी होती. “हो, ही घालता येईल का हो तिला?”

त्याने ती तळहातावर घेतली, तार निरखली, कॅलिपरने मापली. “आत्ता नाही, काकू. वर्षभर थांबा. मग आणा, बसते का बघू. तार जरा जाड आहे.”

मावशीने पुरचुंडी पुन्हा बांधली आणि गाठ दोनदा मारली.